एका जिल्दीत दोन अनुक्रमणिका : न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड बायबलचे परीक्षण

प्रोटेस्टंट आणि कॅथलिक माणसे पवित्र शास्त्र वाचायला एकत्र बसली की प्रत कुणाची उघडायची हे आधी ठरवावे लागते. माझ्या प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके, माझ्या धाकट्या जावेच्या कॅथलिक प्रतीत ७३. तिने तोबीतचा संदर्भ दिला की माझ्याकडे पानच सापडत नाही. मी दानीएलचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचू लागले की तिच्या प्रतीत तो बराच लांब निघतो. म्हणून दोघींनी मिळून न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड बायबलची अपॉक्रिफासह, म्हणजे वादातल्या या जादा पुस्तकांसह, असलेली पाचवी आवृत्ती घेतली. ती २०१८ सालची. भाषांतर १९८९ चे न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन, संपादक मायकेल कूगन, मार्क ब्रेटलर, कॅरल न्यूसम आणि फीम पर्किन्स. इंग्रजी वाचता येते आणि शास्त्राच्या अधिकाराचा हा जुना वाद मुळातून समजून घ्यायचा आहे, अशा कुणालाही मी ही प्रत घ्यायला सांगेन. मात्र ती कशासाठी घ्यायची आणि कशासाठी नाही, हे आधी कळलेले बरे.

या प्रतीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. हर्बर्ट मे आणि ब्रूस मेट्झगर यांनी संपादित केलेली पहिली आवृत्ती १९६२ साली निघाली. अपॉक्रिफासह ती १९६५ साली आली आणि १९६६ साली बोस्टनचे कार्डिनल रिचर्ड कुशिंग यांनी तिला इम्प्रिमातुर दिले. कॅथलिक वाचकाने ती वाचायला हरकत नाही, अशी ही बिशपांची अधिकृत संमती. मेट्झगर प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका पंथाचे, होते. प्रेस्बिटेरियन संपादकाच्या हातून गेलेल्या बायबलवर कार्डिनलची मोहोर, ही गोष्ट त्याआधीच्या चार शतकांत कुणाच्या कल्पनेत आली नसती. त्याच्या थोडेच आधी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘देई व्हर्बुम’ हा शास्त्राविषयीचा दस्तऐवज २,३४४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला होता. सर्व विश्वासणाऱ्यांच्या हाती शास्त्र सहज पडावे आणि वेगळ्या झालेल्या बंधूंबरोबर, म्हणजे इतर ख्रिस्ती लोकांबरोबर, मिळून भाषांतरे करायलाही हरकत नाही, असे त्याच्या २२व्या परिच्छेदात आहे. त्या दोन घटनांच्या मधल्या हवेत ही प्रत वाढली, आणि ते तिच्या पानापानावर जाणवते.

अनुक्रमणिकेपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. इब्री शास्त्र, मग ‘अपॉक्रिफल/ड्यूटेरोकॅनॉनिकल’ (पहिले प्रोटेस्टंटांचे नाव, दुसरे कॅथलिकांचे) असा स्वतंत्र विभाग, मग नवा करार, अशी मांडणी आहे. मधल्या विभागाचे पुन्हा गट पाडले आहेत. पहिल्या गटात रोमन कॅथलिक, ग्रीक आणि स्लाव्होनिक (शेवटची दोन पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चांची) या तिन्ही बायबलांत असलेली पुस्तके : तोबीत, यहूदीथ, एस्तेरचा ग्रीक पाठ, शलमोनाचे ज्ञान, सिराख, बारूख, यिर्मयाचे पत्र, दानीएलमधली भर, पहिला आणि दुसरा मक्काबी. दुसऱ्या गटात ग्रीक आणि स्लाव्होनिक बायबलांत आहेत पण रोमन यादीत नाहीत अशी : मनश्शेची प्रार्थना, १५१ वे स्तोत्र, पहिला एस्द्रास, तिसरा मक्काबी. दुसरा एस्द्रास निराळा ठेवला आहे, कारण तो स्लाव्होनिक बायबलात आणि व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलाच्या पुरवणीत आढळतो. शेवटी चौथा मक्काबी, ग्रीक बायबलाच्या पुरवणीतला.

हे गट पाहिल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. आपण घरादारात ‘त्यांच्या बायबलात जास्त पुस्तके’ किंवा ‘त्यांनी पुस्तके काढून टाकली’ असे बोलतो, तेव्हा यादी दोनच आहेत असे धरून चालतो. प्रत्यक्षात यादी अनेक आहेत, आणि ऑर्थोडॉक्स मंडळींची यादी रोमपेक्षाही लांब आहे. कोणते पुस्तक शास्त्र आणि कोणते नाही, हे कुणी ठरवायचे हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. माझ्या मते या एका पानासाठीसुद्धा ही प्रत जवळ असावी.

मांडणीची किंमत मात्र कॅथलिक वाचकाला मोजावी लागते. जावेच्या प्रतीत सुसान्नाची गोष्ट म्हणजे दानीएलचा १३वा अध्याय आणि बेल व अजगर म्हणजे १४वा. इथे दानीएल बाराव्या अध्यायावर संपतो आणि उरलेल्यासाठी मधल्या विभागात जावे लागते. अग्नीच्या भट्टीतल्या तिघांचे स्तुतिगीत तिला तिसऱ्या अध्यायाच्या ओघात ऐकायची सवय आहे, कारण त्यातली कडवी उपासनेत म्हटली जातात. इथे ते गीत शेकडो पाने पुढे जाऊन बसले आहे. एस्तेर तर दोनदा येते : एकदा इब्री पाठावरून, एकदा संपूर्ण ग्रीक पाठावरून. ग्रीक एस्तेर तुकडे न करता सलग दिली आहे, हे मला फार आवडले. इब्री एस्तेरमध्ये देवाचे नाव एकदाही येत नाही आणि ग्रीक एस्तेरमध्ये प्रार्थनाच प्रार्थना आहेत, हा फरक दोन्ही सलग वाचल्यावरच जाणवतो. पण जावेचे म्हणणे मला पटते. ती म्हणाली, “ताई, माझ्या चर्चला ही पुस्तके मधली वाटत नाहीत. ती जुन्या करारातलीच आहेत. वेगळ्या विभागात घातली की छापणाऱ्याने आधीच तुमची बाजू घेतली.” १९६८ साली युनायटेड बायबल सोसायटीज आणि ख्रिस्ती ऐक्यासाठीचे व्हॅटिकनचे सचिवालय यांनी संयुक्त भाषांतरांसाठी जी तत्त्वे ठरवली, त्यांतही ही पुस्तके स्वतंत्र विभागात छापण्याची तडजोड होती. म्हणजे कॅथलिक बाजूने ही सवलत समजून-उमजून दिलेली आहे. ती सवलत आहे याची जाणीव प्रोटेस्टंट वाचकाने ठेवावी.

या मधल्या विभागातले एक पान मी प्रत्येक प्रोटेस्टंट वाचकाला उघडायला सांगेन : दुसरा मक्काबी, अध्याय १२, शेवटची काही वचने. लढाईत पडलेल्या यहूदी सैनिकांच्या अंगरख्यांखाली याम्नियाच्या मूर्तींची चिन्हे सापडतात. यहूदा मक्काबी वर्गणी काढून चांदीचे सुमारे २,००० द्राखमा यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो, आणि मृतांसाठी केलेली ही गोष्ट पवित्र व चांगली होती असे लेखक म्हणतो. कॅथलिक चर्च मृतांसाठी प्रार्थना आणि शुद्धिस्थान (स्वर्गात जाण्याआधी आत्मे शुद्ध होतात ती अवस्था) यांच्या शिकवणीसाठी या वचनांकडे बोट दाखवते. १५१९ च्या जुलैमध्ये लाइपझिगच्या वादसभेत कॅथलिक धर्मपंडित योहान एक याने सुधारक मार्टिन लूथरपुढे हेच वचन ठेवले. लूथरचे उत्तर होते की हे पुस्तक कॅननमध्ये, म्हणजे शास्त्राच्या मान्य यादीत, नाही, म्हणून त्यावरून शिकवण सिद्ध होत नाही. त्याच सभेत योहान एकने लूथरला आणखी पुढे रेटले आणि संपूर्ण चर्चच्या सर्वसाधारण परिषदासुद्धा चुकू शकतात, कॉन्स्टन्सची परिषद तिने पाखंडी ठरवलेल्या यान हुसच्या बाबतीत चुकली, हे त्याच्याकडून वदवून घेतले.

इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि तरीही या दोन गोष्टी एकाच सभेत घडल्या याचे महत्त्व हे पान समोर ठेवून वाचताना जितके स्पष्ट झाले तितके एरवी झाले नव्हते. पोप चुकू शकतो, परिषद चुकू शकते, आणि यादीतले पुस्तकही वादात आहे. मग शेवटचा निवाडा कुठे मागायचा? लूथरने दोन वर्षांनी, १८ एप्रिल १५२१ रोजी, वर्म्सच्या सभेत उत्तर दिले : शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट युक्तिवादाने माझी खात्री पटवा, कारण केवळ पोप आणि परिषदांवर मी विसंबत नाही, त्या अनेकदा चुकल्या आहेत आणि एकमेकींविरुद्ध बोलल्या आहेत. आम्हा प्रोटेस्टंटांचा सगळा ‘सोला स्क्रिप्तुरा’, म्हणजे ‘केवळ शास्त्र’ हे तत्त्व, या वाक्यात आहे.

रोमचे उत्तर ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेच्या चौथ्या सत्रात आले. लूथर वारल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. परिषदेने पुस्तकांची यादी नावानिशी दिली, दोन्ही मक्काबींसह. सुवार्तेचे सत्य लिहिलेल्या पुस्तकांत आणि प्रेषितांपासून हातोहात चालत आलेल्या अलिखित परंपरांत आहे आणि दोहोंना सारख्याच भक्तिभावाने स्वीकारावे, असे ठरवले. विश्वास आणि आचरणाच्या गोष्टींत चर्चने धरलेल्या अर्थाविरुद्ध शास्त्राचा अर्थ कुणी स्वतःच्या मर्जीने लावू नये, असेही बजावले. तीन वेगळ्या गोष्टी एका दिवशी ठरल्या : यादी, परंपरा, अर्थ लावण्याचा हक्क. लोक वाद घालताना या तिन्ही एकमेकींत मिसळतात. तसे झाले की गाडी लगेच रुळावरून घसरते.

यादीपुरतेच बोलायचे तर दोन्ही बाजूंचा इतिहास आपण समजतो तितका सरळ नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या धर्मपंडितांपैकी जेरोमने छोटी इब्री यादी मानली, ऑगस्टीनने लांब यादी. हिप्पो आणि कार्थेज इथल्या ३९३ आणि ३९७ च्या परिषदांनी ऑगस्टीनची बाजू घेतली. जेरोमचे मत तरी पुढे हजार वर्षे कॅथलिक विद्वानांत जिवंत राहिले. लूथरची चौकशी करणारा कार्डिनल कायेतान या बाबतीत जेरोमच्याच बाजूचा होता. इकडे लूथरने १५३४ च्या आपल्या संपूर्ण जर्मन बायबलात ही पुस्तके दोन करारांच्या मध्ये छापली आणि पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नसली तरी उपयोगी व वाचायला चांगली, अशी ओळ वर घातली. अँग्लिकनांच्या ३९ कलमांतले सहावे कलमही जेरोमचे नाव घेऊन म्हणते की चर्च ती आचरणाच्या उदाहरणासाठी वाचते, शिकवण सिद्ध करण्यासाठी नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलातही ती होती. वेस्टमिन्स्टर कबुलीने, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या विश्वासाच्या निवेदनाने, ती ईश्वरप्रेरित नाहीत म्हणून त्यांना कसलाही अधिकार नाही असे सांगितले, आणि १८२६ साली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्यांच्या छपाईला पैसा द्यायचा नाही असा निर्णय घेतला. त्यानंतर ती बहुतेक प्रोटेस्टंट घरांतून दिसेनाशी झाली. आज कित्येक प्रोटेस्टंट ज्या पुस्तकांवर वाद घालतात ती त्यांनी कधी उघडलेलीच नसतात. या प्रतीने ती उणीव एका फटक्यात भरून निघते, आणि लूथरला अभिप्रेत होती त्याच जागी, दोन करारांच्या मध्ये, ती पुन्हा हाती येतात.

आता टीपांबद्दल, कारण ‘ॲनोटेटेड’ बायबल घ्यायचे ते टीपांसाठी. प्रत्येक पुस्तकाआधी प्रस्तावना, प्रत्येक पानाच्या तळाला टीपा, शेवटी कॅनन, हस्तलिखिते आणि अर्थ लावण्याच्या पद्धती यांवर लेख, नकाशे. काम दर्जेदार आहे. एखादे वचन जुन्या करारात कुठून आले, एखाद्या राजाचा काळ कोणता, एखादा पाठ हस्तलिखितांत कसा बदलतो, हे चटकन सापडते. संपादकांत यहूदी आहेत, कॅथलिक आहेत, इतरही आहेत, त्यामुळे टीपांत कुठल्या एका चर्चची वकिली नाही. याची मी मनापासून कदर करते.

पण इथेच या प्रतीबद्दलची माझी सगळ्यात मोठी शंका आहे. शास्त्राचा अंतिम निवाडा कुणी करायचा, याला कॅथलिक उत्तर आहे : चर्चचा जिवंत शिकवण्याचा अधिकार, म्हणजे मॅजिस्टेरियम. प्रोटेस्टंट उत्तर वेस्टमिन्स्टर कबुलीच्या पहिल्या प्रकरणात आहे : शास्त्रातून बोलणारा पवित्र आत्मा, आणि शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावायचा. या प्रतीच्या तळटीपा एक तिसराच न्यायाधीश आणून बसवतात, आणि तो म्हणजे विद्यापीठातला इतिहासकार. तो विनम्र आहे, पुराव्यानिशी बोलतो, पण वचनाच्या अगदी खाली, त्याच पानावर बोलतो. सारखे वाचत राहिले की नकळत त्याचाच शब्द शेवटचा वाटू लागतो. दोन्ही मंडळ्यांनी ज्याला हा अधिकार कधीच दिला नाही त्याच्याकडे आपण निकाल मागायला लागतो.

उदाहरण देते. तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय ३, वचन १६ : प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे आणि शिकवण, दोष दाखवणे, सुधारणूक, नीतिशिक्षण यांसाठी उपयोगी आहे. ‘सोला स्क्रिप्तुरा’च्या बाजूने सगळ्यात आधी पुढे केले जाणारे वचन हेच. माझी जाऊ यावर म्हणते की ‘उपयोगी’ म्हणणे आणि ‘पुरेसे’ म्हणणे एक नाही, शिवाय हे लिहिले गेले तेव्हा तीमथ्याने बाळपणापासून वाचलेले शास्त्र म्हणजे जुना करार, आणि त्याच पौलाने थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात, २:१५ मध्ये, तोंडी असो वा पत्राने, शिकवलेल्या परंपरा धरून राहा असे सांगितले आहे. मी तिला सतराव्या वचनाकडे नेते : देवाचा माणूस प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज व्हावा. प्रत्येक कामासाठी सज्ज करणारे ते अपुरे कसे? शिवाय मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडणाऱ्यांना सुनावतो, आणि बिरुयाचे लोक पौलाचे म्हणणेसुद्धा शास्त्रात रोज शोधून पाहत होते. ती पुढे पहिले तीमथ्य ३:१५ काढते, जिथे सत्याचा स्तंभ आणि पाया म्हटले आहे ते मंडळीला. हा खरा वाद, आणि दोन्ही बाजूंना धार आहे. तेवढ्यात आम्ही प्रस्तावना उघडतो, तर तिथे मुख्य चर्चा ही की अनेक अभ्यासकांच्या मते तीमथ्याची पत्रे पौलाने लिहिलेलीच नाहीत, त्याच्या नंतरच्या पिढीतल्या कुणी लिहिली असावीत.

ही माहिती वाचकाला द्यायलाच हवी, आणि ती लपवणारी प्रत मला नको. पण तिने आमचा प्रश्न सुटत नाही. पत्र कुणीही लिहिलेले असो, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही ते कॅननमधले म्हणून मानतात, आणि त्याला कॅननमध्ये कुणी बसवले हाच तर मूळ प्रश्न. टीप त्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत आणते आणि थांबते. मत्तय १६:१८-१९ चेही तेच. पेत्र, खडक, स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या यांविषयी इतिहासकार जे सांगू शकतो ते सांगतो. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेचा जो सिद्धांत जाहीर केला तो या वचनांतून निघतो की नाही, हे ठरवणे त्याच्या हद्दीबाहेरचे आहे, आणि तो ती हद्द पाळतो. हद्द आहे याचे भान मात्र वाचकालाच ठेवावे लागते.

हा तिसरा न्यायाधीश एका बाबतीत दोघांचेही भले करतो, हेही खरे. दोन्ही बाजूंना तो सोपी उत्तरे घेऊ देत नाही. ‘येशू आणि प्रेषित ग्रीक सेप्टुअजिंट (जुन्या कराराचे प्राचीन ग्रीक भाषांतर) वापरत, म्हणून त्यातली सगळी पुस्तके शास्त्र’ असे कॅथलिक मित्र म्हणतात. पण जुन्या मोठ्या ग्रीक हस्तलिखितांतली पुस्तके एकसारखी नाहीत. व्हॅटिकनच्याच ग्रंथालयातल्या कोडेक्स व्हॅटिकानुसमध्ये मक्काबींचे एकही पुस्तक नाही, आणि कोडेक्स अलेक्झांड्रिनुसमध्ये चारही आहेत. उलट ‘नव्या कराराला या पुस्तकांची गंधवार्ताही नाही’ असे आमच्याकडचे लोक म्हणतात. इब्री ११:३५ मध्ये अधिक चांगल्या पुनरुत्थानासाठी सुटका नाकारून हालहाल सोसणाऱ्यांचा उल्लेख आहे, तो दुसऱ्या मक्काबीच्या सातव्या अध्यायातल्या आई आणि सात मुलांखेरीज दुसऱ्या कशाला चपखल बसत नाही. तो अध्याय मी या प्रतीत वाचला आणि त्या आईने मला रडवले. शास्त्र म्हणून तो मानावा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी विश्वासणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

शेवटच्या लेखांत कॅननवरचा लेख सगळ्यात कामाचा आहे. यादी हळूहळू कशी घडली, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासिअस याच्या ३६७ च्या पत्रात नव्या कराराची २७ पुस्तके कशी आली, हा प्रवास समजून घ्यायला तो चांगला आधार आहे. पण इथे पुन्हा इतिहासाच्या पलीकडचा भाग वाचकाने स्वतः जोडायचा आहे. ऑगस्टीनने म्हटले होते की कॅथलिक चर्चच्या अधिकाराने मला हलवले नसते तर मी सुवार्तेवर विश्वास ठेवला नसता. कॅथलिक बाजूचे हे सगळ्यात बळकट वाक्य. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने आपल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात त्याला नाव घेऊन उत्तर दिले : ऑगस्टीन तिथे विश्वासाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला चर्चची साक्ष कशी आत आणते ते सांगतो आहे, शास्त्राचा अधिकार चर्चवर टेकलेला आहे असे सांगत नाही, शास्त्र स्वतःची साक्ष स्वतः देते आणि आत्मा ती हृदयात पक्की करतो. मी कॅल्विनच्या बाजूची आहे. पण जावेने विचारलेला प्रश्न मी टाळत नाही : आत्म्याने हृदयात पक्की केलेली यादी जर सगळ्यांची एकच असती, तर स्वतः लूथरने १५२२ च्या नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके क्रमांक न देता शेवटी का टाकली? आणि १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली एकाच शास्त्रावर हात ठेवून बसले, १४ मुद्द्यांवर एक झाले आणि प्रभुभोजनावर फुटले, ते का? माझे उत्तर हेच की शास्त्र चुकत नाही, वाचणारे चुकतात, आणि शास्त्रातले सगळेच सारखे स्पष्ट नाही हे आमची वेस्टमिन्स्टर कबुलीही मान्य करते. तारणासाठी लागणारे तेवढे स्पष्ट आहे. यावर ती म्हणते की लागणारे कोणते आणि न लागणारे कोणते हे सांगायलाही कुणीतरी लागतेच. इथे आम्ही दोघी दर वेळी अडतो, आणि कुठल्याही तळटीपेने आम्हाला इथून हलवलेले नाही.

म्हणून ही प्रत एकटी घेऊ नका. तिच्यासोबत तीन छोटे मजकूर ठेवा : ट्रेंटच्या चौथ्या सत्राचा ठराव, वेस्टमिन्स्टर कबुलीचे पहिले प्रकरण आणि देई व्हर्बुम. तिन्ही इंग्रजीत विनामूल्य मिळतात आणि तिन्ही एका बैठकीत वाचून होतात. या जिल्दीत ते नाहीत. चर्चांचे दस्तऐवज देणे हा तिचा हेतूही नाही, पण शास्त्राच्या अधिकाराचा प्रश्न घेऊन येणाऱ्या वाचकाचे त्यांच्यावाचून भागणार नाही. देई व्हर्बुमचा नववा आणि दहावा परिच्छेद प्रोटेस्टंटाने सावकाश वाचावा. चर्चला प्रकट झालेल्या सगळ्याची खात्री केवळ शास्त्रातून मिळत नाही असे नववा म्हणतो, आणि शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्याची सेवा करतो असे दहावा म्हणतो. ‘रोम पोपला बायबलाच्या वर बसवते’ असे सरसकट बोलणाऱ्याने निदान हे वाक्य वाचलेले असावे. कॅथलिक वाचकानेही वेस्टमिन्स्टर वाचावे, म्हणजे ‘सोला स्क्रिप्तुरा’ म्हणजे प्रत्येकाने आपल्या खोलीत बसून वाटेल तो अर्थ काढणे, हा गैरसमज निघून जाईल. नायसियाच्या प्राचीन परिषदेचा विश्वासांगिकार आम्हीही म्हणतो. परंपरा आम्हालाही आहे, फक्त ती शास्त्राच्या कसोटीला उभी राहिली पाहिजे असा आमचा आग्रह आहे.

दोनेक बारीकसारीक गोष्टी. पुस्तक दोन हजारांहून जास्त पानांचे, म्हणून कागद पातळ आहे आणि मागच्या पानाचा मजकूर थोडा दिसतो. टीपांचा टाइप बारीक आहे, वय झालेल्या डोळ्यांना भिंग लागेल. हातात धरून वाचण्यासारखे ते नाही, टेबल हवे. रोजच्या मननासाठी किंवा उपदेशाच्या तयारीसाठी एकच प्रत घ्यायची असेल तर ही घेऊ नका. टीपा तुमच्याशी विद्यार्थी म्हणून बोलतात आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांचा आवाज जड होतो. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाच्या हाती तर एकटी मुळीच देऊ नये, शेजारी कुणीतरी असावे, जसा शास्त्र समजावून सांगायला कूशी अधिकाऱ्याच्या रथात फिलिप्प चढला तसा. दोन परंपरांतली माणसे एकत्र वाचणार असतील, किंवा शास्त्र शिकवणारा कुणी स्वतःच्या समजुती तपासून पाहू इच्छित असेल, तर मात्र माझ्या पाहण्यात हिच्यापेक्षा योग्य प्रत नाही.

घेतलीच तर सुरुवात सिराखच्या उपोद्घातापासून करा, दीड-दोन परिच्छेदांचा आहे. आजोबांचे इब्री पुस्तक ग्रीकमध्ये आणणारा नातू तिथे नियमशास्त्र, संदेष्टे आणि ‘इतर पुस्तके’ असे तीनदा म्हणतो. मला त्यात दिसते की ख्रिस्ताच्या शंभराहून अधिक वर्षे आधी इब्री शास्त्राचे तीन भाग ठरत आलेले होते. जावेला दिसते की ‘इतर’ कोणती हे तो सांगतच नाही, म्हणजे दार अजून उघडे होते. ते वाचून झाले की पहिला मक्काबी घ्या, त्यातले संदेष्टा उरला नव्हता असे सांगणारे ९:२७ नीट पाहा, आणि मगच दुसऱ्या मक्काबीच्या बाराव्या अध्यायाकडे या.